मलावरोध : लाजेने झाकून ठेवलेले दुखणे

शेतकरी आपल्या बैलाच्या शेणाकडे रोज पाहतो. शेण घट्ट पडू लागले किंवा दिवसभर पडलेच नाही तर जनावराच्या पोटात काहीतरी बिघडले हे तो ताबडतोब ओळखतो. मग तो चारा बदलतो, पाणी पाजतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. स्वतःच्या पोटाबाबत मात्र हाच शेतकरी महिनोन् महिने गप्प राहतो. घरच्या बायका तर त्याहूनही गप्प राहतात. ताप, खोकला, गुडघेदुखी यांविषयी चारचौघांत बोलता येते, पण परसाकडे साफ होत नाही हे सांगायला जीभ रेटत नाही.

या लाजेची किंमत मोठी आहे. साध्या उपायांनी बरे होणारे दुखणे वाढत जाऊन मूळव्याध होते, गुदद्वाराला चीर पडते. कधी आतड्यातला गंभीर रोग "जरा पोट जड आहे" या सबबीखाली लपून राहतो. म्हणून या वेळी आम्ही याच विषयावर, आडपडदा न ठेवता लिहीत आहोत. मोठ्या माणसांच्या मलावरोधाविषयीच हे लिखाण आहे. लहान मुलांची कारणे व औषधांची मात्रा वेगळी असते, त्यांच्यावर यातील औषधोपचार करू नयेत.

मलावरोध कशाला म्हणावे?

दररोज सकाळी एकदा शौचास झालेच पाहिजे, नाहीतर अंगात विष भिनते, असा समज आपल्याकडे पक्का आहे. तो खरा नाही. निरोगी माणसांत कोणाला दिवसातून तीन वेळा होते, तर कोणाला आठवड्यातून तीन वेळा. मळ मऊ असेल, कुंथावे लागत नसेल आणि झाल्यावर पोट हलके वाटत असेल, तर एक दिवसाआड होणाऱ्याने काळजी करण्याचे कारण नाही.

मलावरोध ओळखायचा तो पुढील खुणांवरून : आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणे, पुष्कळ कुंथावे लागणे, मळ कडक खड्यांसारखा असणे, झाल्यावरही आत काही राहिले असे वाटणे, किंवा बोट घालून काढावे लागणे. यांपैकी दोन-तीन गोष्टी वारंवार घडत असतील आणि तीन महिने असेच चालू असेल, तर तो जुनाट मलावरोध समजावा.

इंग्लंडातील ब्रिस्टल शहराच्या डॉक्टरांनी १९९७ साली मळाच्या रूपाचे सात प्रकार ठरविले. जगभरचे डॉक्टर आता ते वापरतात. पहिला प्रकार म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे. दुसरा म्हणजे असेच खडे एकत्र चिकटून झालेला गाठीगाठींचा लांबट गोळा. हे दोन्ही मलावरोधाचे प्रकार. तिसरा व चौथा, म्हणजे वर भेगा असलेला किंवा केळ्यासारखा गुळगुळीत व मऊ, हे चांगले. पाचव्यापासून सातव्यापर्यंत मळ पातळ होत जातो. डॉक्टरकडे गेल्यावर "लेंड्यांसारखे होते" एवढे सांगितले तरी त्यांना पुष्कळ कळते.

पोटात काय घडते?

खाल्लेले अन्न जठरातून लहान आतड्यात जाते. हे आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. अन्नातील पोषक भाग तेथे रक्तात शोषला जातो. उरलेला पाणीदार भाग सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात उतरतो. दिवसाला सुमारे दीड लिटर पातळ भाग मोठ्या आतड्यात येतो, आणि आतडे त्यातले बहुतेक पाणी परत शोषून घेते. शेवटी मळाबरोबर जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी बाहेर पडते.

मळ आतड्यात जितका जास्त वेळ रेंगाळेल तितके पाणी अधिक शोषले जाईल आणि मळ तितका कडक होईल. त्याला फुगवून मऊ ठेवणारा पदार्थ म्हणजे अन्नातला चोथा : धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाजीचे देठ, फळांचा गर. चोथा आपल्याला पचत नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि मळाला आकार देतो. अशा भरीव मळामुळे आतड्याला पुढे रेटण्यास जोर मिळतो.

दुसरी गोष्ट हाकेची. मळ गुदाशयात आला की तेथील नसा मेंदूला कळवितात आणि आपल्याला जावेसे वाटते. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर मोठे आतडे अधिक हालचाल करते, म्हणून बहुतेकांना हाक त्याच वेळी येते. ती दाबली तर काही मिनिटांत जावेसे वाटणे थांबते, पण मळ आतच राहतो आणि वाळत जातो. रोज दाबली तर गुदाशयाला भरून राहण्याची सवय होते आणि हाकच मंदावते.

कारणे

पहिले कारण ताटातले. डेनिस बर्किट नावाचे एक शल्यविशारद आफ्रिकेतील युगांडात अनेक वर्षे काम करीत होते. तेथील खेडुतांना भरपूर व मऊ शौच होते, तर पांढरा पाव खाणाऱ्या इंग्रजांना थोडे व कडक, हे त्यांच्या ध्यानात आले. सहकाऱ्यांसह त्यांनी १९७२ साली याविषयी लिहिले, आणि तेव्हापासून चोथ्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

आपल्या घरातही हाच बदल झाला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. बाजरी, नाचणी आणि कोंड्यासकट दळलेला गहू यांत सुमारे ११ ग्रॅम असतो. सडलेल्या पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र तो ३ ग्रॅमपेक्षा कमी भरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मोठ्या माणसाला दिवसाला निदान २५ ग्रॅम चोथा हवा असे सांगितले आहे. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाणाऱ्याला २० ग्रॅम भाकरीतूनच मिळतो. तीनशे ग्रॅम तांदळाचा भात खाणाऱ्याला आठ-नऊ ग्रॅमच मिळतो, बाकीचा भाजी, आमटी व फळांतून यावा लागतो.

अथणी-गोकाककडे ज्वारीची भाकरी होती, खानापूरकडे भाताबरोबर नाचणी होती. पुष्कळ घरांत आता दोन्ही वेळा पांढरा भात, सकाळी चहाबरोबर मैद्याचा पाव किंवा बिस्किटे, आणि भाजी म्हणजे ताटाच्या कडेला चमचाभर. गोव्यात जुन्या पद्धतीच्या पोईत कोंडा असतो, पण तिच्या जागी मऊ पांढरा पाव आला आहे. रविवारी आणि सणाला मांस-मासळी असते. तिच्यात चोथा अजिबात नसतो. मांसाबरोबर भाजी व भाकरी असली म्हणजे झाले.

दुसरे कारण पाण्याचे. वैशाखात नांगरट करताना, ऊसतोडीत किंवा मळणीच्या दिवसांत घामावाटे पुष्कळ पाणी जाते. ते भरून आले नाही तर शरीर आतड्यातले पाणी ओढून घेते. पूर्वी सकाळी दहा-अकराच्या सुमारास शेतावर पेज किंवा आंबील येत असे. तिच्यातून पोटात अन्नाबरोबर पाणीही जाई. आता तिच्या जागी कपभर चहा आला आहे.

तिसरे कारण हाक दाबण्याचे, आणि ते बायकांना अधिक छळते. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेपासून खेड्यांत घरोघरी शौचालये बांधली गेली, पण शेतावर काय? भांगलणीला, लावणीला सकाळी आठला गेलेली बाई संध्याकाळी परतते. आडोसा नाही म्हणून ती हाक दाबते, आणि लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नाही. मलावरोध आणि लघवीची जळजळ ही दोन्ही दुखणी मग पाठोपाठ येतात. ज्यांच्या मळ्यात बायका कामाला येतात त्यांनी बांधाकडेला पत्र्याचा एक आडोसा, खड्डा आणि पाण्याची घागर एवढी सोय करावी. घरात बांधलेल्या शौचालयात लाकडे व खताची पोती भरून ठेवली असतील, तर तीही आजच बाहेर काढावीत.

चौथे कारण औषधांचे. रक्त वाढविण्याच्या लोहाच्या गोळ्या, अफूजन्य किंवा तशाच जोरदार वेदनाशामक गोळ्या, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ॲल्युमिनियम किंवा कॅल्शियम असलेली आम्लपित्ताची औषधे, मनाच्या व झोपेच्या विकारांवरील काही गोळ्या, रक्तदाबावरील काही गोळ्या, यांनी मळ बांधतो. नवीन गोळी सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये. गरोदर बाईने तर लोहाची गोळी मुळीच सोडू नये. डॉक्टर गोळी किंवा तिची वेळ बदलून देऊ शकतात.

पाचवे कारण शरीराच्या इतर अवस्थांचे. गरोदरपणात आतड्याची चाल मंदावते. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावणे, जुना मधुमेह, कंपवात, अर्धांगवायू, मणक्याची इजा यांतही मलावरोध होतो. म्हातारपणी दात नसल्याने माणूस मऊ भातच खातो, चालणे कमी होते आणि तहान कमी लागते. मूळव्याध किंवा चीर असेल तर दुखेल या भीतीने रोगी जाणे टाळतो, मळ आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा फाटते. काही बायकांना बाळंतपणानंतर अंग बाहेर येण्याचा त्रास असतो. त्यांनाही साफ होत नाही, आणि कुंथण्याने अंग अधिक बाहेर येते. हे दुखणे लपवू नये, त्यावर इलाज आहेत.

जुलाबाचे चक्र

आपल्याकडे पोट साफ नाही म्हटले की पहिला हात एरंडेलाच्या बाटलीकडे किंवा बाजारातल्या चूर्णाच्या डबीकडे जातो. बहुतेक चूर्णांत सोनामुखीची पाने असतात. ही औषधे आतड्याला चिमटा काढून हालचाल करावयास लावतात. रात्री घेतले की सकाळी पोट खळाळून साफ होते आणि माणसाला बरे वाटते.

पुढचे दोन दिवस काय होते ते पाहावे. जोरदार जुलाबाने बरेचसे आतडे रिकामे झालेले असते. ते पुन्हा भरून हाक येण्यास दोन-तीन दिवस लागणे साहजिक आहे. विहिरीचे पाणी उपसून काढल्यावर दुसऱ्या दिवशी मोट भरून येत नाही म्हणून विहीर आटली असे कोणी म्हणत नाही, झरे भरेपर्यंत वाट पाहतात. पोटाबाबत मात्र माणूस वाट पाहत नाही. दोन दिवस झाले नाही, पुन्हा अडले, असे म्हणून तो पुन्हा चूर्ण घेतो. असे करता करता दर दोन-तीन दिवसांनी चूर्ण घेणे हा नेम होतो आणि मात्रा वाढत जाते. वरचेवर जुलाब झाल्याने अंगातील पाणी व क्षार जातात, गळून गेल्यासारखे होते. म्हाताऱ्या माणसांना व मूत्रपिंडाच्या रोग्यांना यापासून धोका असतो. गरोदर बाईला एरंडेल देऊच नये.

सोनामुखी किंवा तशी गोळी वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. डॉक्टर ती योग्य प्रसंगी देतात आणि तिचा उपयोगही होतो. पण मूळ कारण तसेच ठेवून आपल्या हाताने आठवड्यातून दोनदा जुलाब घेणे हा इलाज नव्हे.

तंबाखूचेही असेच आहे. बार भरल्याशिवाय किंवा मिश्री लावल्याशिवाय होत नाही असे सांगणारे पुष्कळ आहेत. तंबाखूतील निकोटीन आतड्याला हलवते हे खरे, पण त्यासाठी तोंडाच्या कर्करोगाची जोखीम पत्करण्यात काय शहाणपण? पेलाभर कोमट पाणी व न्याहारी यांनीही आतड्याची हालचाल जागी होते.

घरचे उपाय

पुढील उपाय एकत्र करावेत आणि निदान तीन आठवडे नेटाने चालू ठेवावेत.

१) वेळ. सकाळी उठून पेलाभर कोमट पाणी किंवा चहा घ्यावा. न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत, हाक येवो वा न येवो, पाच ते दहा मिनिटे बसावे. कुंथू नये. झाले नाही तर उठावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी बसावे. दिवसात मध्येच हाक आली तर काम सोडून जावे. मोबाईल बरोबर नेऊन अर्धा-अर्धा तास बसू नये, त्याने मूळव्याध वाढते.

२) बैठक. उकिडवे बसल्याने गुदाशय व गुदद्वार यांच्यामधला बाक सरळ होतो आणि मळ सहज उतरतो. आपली जुनी बैठक त्यामुळे उत्तम. गुडघेदुखीमुळे कमोडवर बसावे लागत असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवावा, पुढे थोडे वाकावे आणि कोपरे मांड्यांवर टेकवावीत.

३) अन्न. एका वेळचा भात कमी करून ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी घ्यावी. गव्हाचे पीठ चाळून कोंडा टाकू नये. रोज वाटीभर पालेभाजी किंवा शेंगभाजी, वाटीभर घट्ट आमटी अथवा मोड आलेली मटकी-चवळी, आणि एखादे फळ असावे. पेरूइतके चोथ्याचे स्वस्त फळ दुसरे नाही, शंभर ग्रॅमला सुमारे आठ ग्रॅम. पपई, अंजीर, भिजविलेले मनुके हेही चांगले. दात नसलेल्यांना नाचणीची आंबील, शिजवून घोटलेली पालेभाजी आणि पपई द्यावी. चोथा एकदम वाढवू नये, पोट फुगते व वायू धरतो. दर आठवड्याला थोडा थोडा वाढवावा.

४) पाणी. साधारणपणे दिवसाला दोन ते अडीच लिटर, आणि उन्हात राबताना त्याहून अधिक. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरते आहे असे समजावे. आवश्यकतेहून जास्त पाणी ढोसल्याने मळ अधिक मऊ होत नाही, जास्तीचे लघवीवाटे जाते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यांनी डॉक्टरांनी सांगितले तेवढेच प्यावे.

५) चालणे. शेतात राबणाऱ्याला वेगळ्या व्यायामाची जरुरी नाही. पण दुकानात, कचेरीत बसणाऱ्यांनी आणि घरातल्या म्हाताऱ्यांनी रोज अर्धा तास चालावे. ज्यांना उठवत नाही त्यांना निदान खुर्चीत बसवावे.

उपवासकाळाविषयी दोन शब्द. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी आपण उपवास करतो. तेव्हा जेवण कमी होते, तसे पाणीही नकळत कमी होते. पाणी पिण्याने उपवास मोडत नाही, म्हणून ते नेहमीइतके प्यावे. आजारी व म्हाताऱ्या माणसांवर उपवासाचे बंधन नाही, त्यांनी मनात किंतु न ठेवता जेवावे.

औषधे

वरील उपायांनी पुरता गुण आला नाही तर पहिले औषध इसबगोलाची भुशी. इसबगोल हे रब्बीचे पीक आहे. गुजरातेत मेहसाण्याकडे, राजस्थानात आणि मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे ते पिकते. उंझ्याचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. बडोदे-इंदूरकडील आमच्या वाचकांना ते परिचयाचे असेल. बियांवरची पातळ साल म्हणजे ही भुशी. ती स्वतःच्या कितीतरी पट पाणी धरते व बुळबुळीत होते. एक ते दोन चमचे भुशी मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. कोरडी भुशी तोंडात टाकू नये, ती घशात फुगून अडकू शकते. घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये. ज्यांना गिळण्यास त्रास होतो किंवा ज्यांचे आतडे अडले आहे असा संशय आहे, त्यांना ती देऊ नये. इतर औषधे आणि भुशी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे.

यानंतरची पायरी म्हणजे आतड्यात पाणी ओढून आणणारी औषधे : लॅक्ट्युलोजचे सरबतासारखे औषध किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पूड. ही एक-दोन दिवसांत काम करतात, पोटात कळा कमी आणतात, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पुष्कळ दिवस घेता येतात. मॅग्नेशियाचे पांढरे औषध मूत्रपिंडाच्या रोग्यांनी घेऊ नये. सोनामुखी किंवा बिसाकोडिलच्या गोळ्या सहा ते बारा तासांनी लागू पडतात, म्हणून त्या रात्री घेतात. त्या कधीमधी किंवा डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्याव्यात. घरच्या घरी साबणाच्या पाण्याचा एनिमा देऊ नये, त्याने आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते.

एवढे करूनही ज्यांना गुण येत नाही अशा काही जणांत दोष स्नायूंच्या चालीत असतो. शौचाच्या वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी ते आवळतात. त्यांना चोथा वाढवून किंवा जुलाब घेऊन भागत नाही. ते स्नायू सैल करण्याचा सराव मोठ्या रुग्णालयांत शिकवितात व त्याने पुष्कळांना आराम पडतो.

म्हाताऱ्या माणसांची फसवी हगवण

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. अशा माणसाच्या गुदाशयात कधी मळाचा दगडासारखा गोळा अडकून बसतो. मग त्याच्या कडेने पातळ मळ थोडा थोडा झिरपत राहतो व कपडे खराब होतात. घरच्यांना वाटते हगवण लागली. ते जुलाब बंद होण्याची गोळी देतात, आणि अडलेले अधिकच अडते. बरेच दिवस नीट शौच झाले नव्हते, पोट फुगले आहे, जेवण जात नाही, माणूस बेचैन किंवा भ्रमिष्ट झाला आहे, आणि मग असे झिरपू लागले, तर हा मलावरोधच असू शकतो. डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना घरी बोलवावे. तपासणीत ते लगेच कळते, आणि गोळा काढला की माणूस एका दिवसात सावरतो. सून-मुलांनी म्हाताऱ्यावर चिडू नये. कपडे खराब होणे त्याच्या हातात नसते, आणि त्याची लाज त्याला आपल्याहून अधिक वाटत असते.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी एकही खूण असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये :

शौचावाटे रक्त पडणे, किंवा डांबरासारखा काळा मळ होणे. (लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण खात्री डॉक्टरांनी करावी.)

काही न करता वजन घटणे, भूक मरणे, रक्त कमी होऊन धाप लागणे.

पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, पूर्वी कधी नसलेला मलावरोध नव्याने सुरू होणे.

कधी मलावरोध, कधी जुलाब असे आलटून पालटून होणे, किंवा पोटात गाठ लागणे.

आईवडील किंवा भावंडांत कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे.

या खुणा दिसल्या म्हणजे कर्करोगच झाला असे नाही. पण असेल तर तो लवकर सापडल्यास शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. उशीर झाला तर हाताबाहेर जातो. रक्त दिसले की "मूळव्याधच आहे" असे आपणच ठरवून रस्त्याकडेच्या पाट्या पाहून इलाज करणाऱ्याकडे जाणे हा सर्वात मोठा धोका. मूळव्याधीचे रक्त आणि गाठीचे रक्त घरी बसून वेगळे ओळखता येत नाही.

पोट फुगून कडक होणे, जोराच्या कळा, उलट्या, आणि शौचाबरोबर वायूही सरणे बंद होणे, ही आतडे अडल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी एरंडेल, चूर्ण, एनिमा काहीही न देता तत्काळ १०८ क्रमांकावर गाडी बोलावून रुग्णालयात न्यावे. पाठीच्या दुखण्याबरोबर पाय लुळे पडू लागले आणि लघवी-शौच दोन्ही अडले तरीही तसेच करावे.

डॉक्टर काय करतात याची भीती पुष्कळांना, विशेषतः बायकांना, वाटते. ते विचारपूस करतात, पोट तपासतात, आणि हातमोजा घालून बोटाने गुदद्वाराची तपासणी करतात. तिला एक मिनिटही लागत नाही. जरूर पडल्यास रक्ताची तपासणी सांगतात, आणि संशय असल्यास नळीने आतडे आतून पाहतात. बाईने डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेण्याची इच्छा मोकळेपणी सांगावी. तपासणीच्या वेळी घरातल्या बाईला जवळ ठेवण्यासही कोणी हरकत घेत नाही.

जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : त्रास केव्हापासून आहे, आठवड्यातून किती वेळा व कसे होते, आणि कोणकोणती औषधे चालू आहेत. चूर्ण, काढे व झाडपाल्याची औषधेही त्यात लिहावीत.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसांना एक विनंती. या आठवड्यात घरातल्या म्हाताऱ्या आईला, वडिलांना, आणि दिवसभर शेतात राबून येणाऱ्या बायकोला, सुनेला एकांतात विचारा, "पोट साफ होते ना?" पहिल्या वेळी "होते की" असेच उत्तर येईल. चार दिवसांनी पुन्हा विचारा. एकदा बोलणे सुरू झाले की भाकरी, पाणी आणि वेळ यांची सोय करणे घरातच शक्य आहे, आणि त्याहून अधिक लागले तर डॉक्टर आहेत.